वाकड्या दिव्याची मोटारसायकल

सरका जरा आत, आणि तो बाहेरचा दिवा घालवा, किडे येतात. घाबरायचं असेल तर आत्ताच उठा. अर्ध्यात "मामा, पुरे" म्हटलेलं मला चालत नाही. ही गोष्ट मी कुठे वाचलेली नाही. माझ्या मित्राच्या बाबतीत घडलेली आहे, आणि तिचा शेवट मी स्वतः बोट लावून तपासला आहे.

मित्र म्हणजे आपला चष्मेवाला. आता त्याला मित्र म्हणायचं की नाही हा प्रश्नच आहे. त्याचं दुकान हाकेच्या अंतरावर असून मी चष्मा करायला पार बाजाराच्या टोकाला जातो, त्यावरून काय ते ओळखा.

त्याचं घर अरुंद, दोन मजली. खाली पुढे दुकान, शेजारून आत जायला बोळ, बोळाच्या शेवटी जिना. वर त्याची वहिनी राहायची, खाली मागच्या खोलीत हा. लग्न केलं नव्हतं. आई लवकर गेली, तेव्हापासून वहिनीनंच याला खाऊपिऊ घातलं, याची आजारपणं काढली, दुकान टाकायला घाबरत होता तेव्हा पाठीशी उभी राहिली. याचा थोरला भाऊ म्हणजे आम्हा सगळ्यांचाच दादा. दादाकडे एक जुनीपुराणी मोटारसायकल होती, पार त्याच्या आजोबांच्या वेळची. तिचा आवाज सगळ्या गल्लीला पाठ. तीन ठोके आणि एक खोकला. धड् धड् धड्... खॉक्. खालून तेल ठिबकायचं, म्हणून दादानं एका डब्याचा तळ कापून पत्र्याची थाळी केली होती. ती कायम जिन्याखाली, इंजिनाच्या बरोबर खाली.

दादाची एक सवय होती. रात्री उशिरा आला की कोपऱ्यावरच इंजिन बंद करायचा. लोकांची झोपमोड नको. तिथून पुढे उतार आहे, गाडी आपसूक दारापर्यंत घरंगळत यायची. वहिनी वर जागीच असायची. कोपऱ्यावर आवाज थांबला की तिला कळायचं, आला. मग ती खाली यायची, दार उघडायची. गाडी आत, माणूस आत, दाराला कडी.

एका रात्री तो आवाज कोपऱ्यापर्यंत आलाच नाही. पुलापलीकडे रस्त्यात एक ट्रक उभा होता, मागे दिवा नाही, काही नाही. आम्ही पोचलो तेव्हा दादा... जाऊ द्या. गाडीचं हँडल पिळवटून डावीकडे गेलं होतं, आणि पुढचा दिवा वायरीला लोंबकळत होता. जळत होता अजून. रस्ता सोडून डावीकडच्या बांधावर उजेड पाडत.

मोडकी गाडी परत जिन्याखाली आली आणि चादर पांघरून सहा वर्षं उभी राहिली. निखळलेला दिवा वहिनीनं वर आपल्या कपाटात ठेवला. आणि तिनं रात्री दाराला कडी घालणं सोडलं. नुसतं लोटून घ्यायची. चष्मेवाला कुरकुरायचा, "वहिनी, चोर शिरतील एखाद्या दिवशी."

"शिरू देत. कुणाचं यायचं राहिलं असेल तर?" एवढंच म्हणायची.

आता, असल्या जुन्या गाड्यांचं वेड असलेली माणसं असतात. आपले दातांचे डॉक्टर त्यातलेच. माझी ही कवळी त्यांच्याच हातची. एकदा माझे दात त्यांच्या हातात असताना त्यांनी विचारलं, कुठे एखादी जुनी गाडी पडून आहे का, मोडकी असली तरी चालेल. मी बोळक्या तोंडानं चष्मेवाल्याचं घर सांगून बसलो. तोंडात दात असते तर तिथेच जीभ चावली असती.

वहिनी आधी नाहीच म्हणाली. मग डॉक्टर घरी आले, चादर काढली, चेपलेल्या टाकीवरून हात फिरवला. म्हणाले, "ताई, ही मी पुन्हा उभी करीन. वर्ष लागेल, पण होती तशी करीन."

वहिनीनं खाली पडलेली चादर उचलून घडी केली. मग म्हणाली, "मला परत नको ती. तुम्हीच चालवा, सुखानं चालवा. फक्त सुरू झाली की एकदा रात्रीची या रस्त्यानं आणा. कोपऱ्यावर बंद करा आणि दारापर्यंत तशीच येऊ द्या. त्या रात्रीचं येणं माझ्या कानात अडकून राहिलंय, हो. तेवढं झालं की मी कडी लावून झोपेन."

"शब्द देतो," डॉक्टर म्हणाले.

"मी बघतो ना, वहिनी," चष्मेवाला म्हणाला.

मग तिनं माझ्याकडे बघितलं. "तुम्ही मध्ये आहात ना?"

मी छाती फुगवली. "मी आहे. निर्धास्त राहा."

गाडी टेम्पोत चढली आणि गेली. वहिनीनं तेलाची थाळी राखेनं घासून लख्ख केली, वर स्वयंपाकघरात फळीवर ठेवून दिली. मला रस्त्यात भेटली की विचारायची, "कुठवर आलं काम?" मी चष्मेवाल्याला विचारायचो. तो म्हणायचा, "चालू आहे." मी तिला सांगायचो, "चालू आहे." पोपट झाला होता माझा.

तर ती रात्र. मार्चमधला शेवटचा शनिवार. अमावस्या वगैरे काही नव्हती, उगाच मनात आणू नका. संध्याकाळी डॉक्टरांचा फोन आला की दिवा तुमच्याकडेच राहिलाय, तो मिळाला तर बरं. वहिनी इतकी हरखली! कपाटातून दिवा काढला, काच पुसली, धुतलेल्या टॉवेलात गुंडाळला. "दिवा मागितला म्हणजे होत आली गाडी," म्हणाली. चष्मेवाला तो स्कूटरवर पायापाशी ठेवून जेवण झाल्यावर निघाला.

डॉक्टरांची शेड पुलापलीकडे, गावाबाहेर. शेडमध्ये एक मोटारसायकल उभी होती खरी. लालभडक, चकाकणारी. ती डॉक्टरांची आधीपासूनची दुसरी गाडी. दादाच्या गाडीचा सांगाडा मधोमध कापून भंगारवाल्यासाठी दाराशी लावून ठेवलेला. चाकं एकीकडे, टाकी एकीकडे. इंजिन टेबलावर उघडं पडलेलं, त्यातला पिस्टन बाहेर काढून वर्तमानपत्रावर ठेवलेला. लाल गाडीला लागेल ते घ्यायचं, उरलेलं भंगारात.

आणि आता मला राग कशाचा आहे तो ऐका. चष्मेवाल्याला यात काहीच नवीन नव्हतं.

डॉक्टरांनी गाडी पाहिल्या पाहिल्याच त्याला बाजूला घेऊन सांगितलं होतं, सांगाडा मुळातच तडकलाय, ही आता उभी राहत नाही, मला फक्त सुट्ट्या भागांसाठी हवी. यानं काय सांगावं? "न्या. फक्त वहिनीसमोर उभी करतो म्हणा, नाहीतर ती देणार नाही." का, तर याला जिन्याखाली काचा घासायचं मशीन ठेवायचं होतं. जागा हवी होती हो! जिनं याला वाढवलं, तिला यानं चार हात जागेसाठी फसवलं. आणि मधल्या मध्ये माझी जीभ वापरली.

असो. डॉक्टरांनी दिवा लावून बघितला. लाल गाडीला बसेना. "दुसऱ्या सालचा आहे," म्हणाले, "न्या परत." परत नेऊन वहिनीला काय सांगणार? चष्मेवाला गप्पा मारत वेळ काढत बसला. निघाला तेव्हा अकरा वाजून गेले होते.

पुलावर त्यानं स्कूटर थांबवली. ठरवलं, दिवा खाली टाकून द्यायचा. डॉक्टरांना दिला म्हणून सांगायचं, संपलं. टॉवेल सोडला. दिवा हातात घेतला. कठड्यावरून हात पुढे केला...

धड् धड् धड्... खॉक्.

लांबून. शेडच्या बाजूनं.

हात तसाच राहिला.

धड् धड् धड्... खॉक्.

ते इंजिन त्यानं घडीभरापूर्वी पाहिलं होतं. टेबलावर. उघडं. पिस्टन बाहेर. तो स्वतःशी म्हणाला, दुसरी कुठली तरी गाडी असेल. असतात.

मग वळणावर उजेड दिसला. एकच दिवा. पण उजेड रस्त्यावर पडत नव्हता. डावीकडच्या बांधावरून सरकत येत होता.

त्यानं दिवा टॉवेलात कोंबला, स्कूटर सुरू केली आणि पळाला. आरशात तो उजेड. हा जोरात, तर तोही जोरात. हा हळू झाला... तोही हळू. पुढे मात्र जाईना. मागे राहून येत होता, नुसता येत होता. "ओरडलास का नाही?" मी विचारलं त्याला. म्हणाला, "कुणाला हाक मारू? दादालाच हाक मारायची सवय होती."

गाव आलं. दुकानं बंद. कुत्रीसुद्धा भुंकली नाहीत.

कोपरा आला.

आवाज थांबला.

यानं मागे बघितलं. रस्ता रिकामा. उजेड नाही. गाडी नाही. कोणी नाही. फक्त... खडीवरून टायर घरंगळत होते. मागून आले. शेजारून गेले. पेट्रोलचा वास आला. तापलेल्या लोखंडाचा वास आला. पुढे गेले. उतारावरून. दाराकडे.

खट्.

स्टँड लागला.

दार उघडं होतं. वहिनी दारात, पण तोंड आत, जिन्याकडे. हा स्कूटर ढकलत आला तशी वळली. तिचा चेहरा असा सात वर्षांत पाहिला नव्हता, म्हणाला.

"आली हो भावजी! ऐकली मी. कोपऱ्यावर बंद केली डॉक्टरांनी, अगदी सांगितलं होतं तशी. खिडकीतून दिवापण दिसला..."

आणि ती थांबली. स्कूटरवर पायापाशी टॉवेल सुटला होता. आतली काच चमकत होती.

"दिवा तुमच्याकडे आहे."

यानं टॉवेल ओढून काच झाकली.

"मग मी बघितला तो कुठला? डावीकडे पडत होता उजेड..."

तिनं रिकाम्या रस्त्याकडे बघितलं. मग याच्याकडे. दीर लेकरासारखा वाढवलेला, तोंड बघून कळायचंच.

"मोडलीत ना गाडी?"

यानं मान खाली घातली.

"मी पुसून दिला होता तो," ती म्हणाली. ओरडली नाही. दिवा स्कूटरवरून उचलून घेतला. आत गेली. दार लोटलं.

"वहिनी... मी बाहेर आहे."

आतून, अगदी दाराजवळून आवाज आला.

"घरचे आत आलेत, भावजी."

आणि सात वर्षांनी त्या दाराला कडी लागली.

रात्रभर तो पायरीवर बसून होता. पहाटे माझ्याकडे आला. सगळं सांगितलं, शेडमधलंसुद्धा. मी तोवर भुताला घाबरायचं विसरून गेलो होतो. म्हटलं, "ते रात्रीचं राहू दे. आधी हे सांग, माझा शब्द तू कुणाला विचारून विकलास?" तो रडायला लागला. मला दया आली नाही. आजही येत नाही. दादा तर मेलेला माणूस, पण माझा शब्द त्यानं राखला. यानं नाही राखला.

उजाडल्यावर दोघं गेलो. मी कडी वाजवली. वहिनीनं दार उघडलं. केस विंचरलेले, चेहऱ्यावर झोप झालेली. त्याच्याकडे तिनं बघितलंच नाही. मला विचारलं, "तुम्हाला माहीत होतं?"

"नाही वहिनी. शपथेवर सांगतो."

"वाटलंच," म्हणाली, आणि बाजूला झाली.

मी आत पाऊल टाकलं. सवयीनं जिन्याखाली नजर गेली. मशीन अजून यायचं होतं, जागा रिकामीच होती. रिकामी म्हणजे... तिथे पत्र्याची थाळी होती. जुन्या जागी. बरोबर.

"ही खाली कशी?" मी विचारलं.

"मी नाही आणली," वहिनी म्हणाली.

मी वाकलो. घासून लख्ख केलेल्या थाळीत मधोमध तेल साचलं होतं. काळं. तळहाताएवढं. मी या बोटानं, हे बघा, याच बोटानं शिवून बघितलं.

फरशी गार पडलेली होती. तेल गरम होतं.