उरलेल्या ऋचा

ही घटना खरी आहे. आणि अजून संपलेली नाही. मालविकाने सांगितली तशीच लिहितो; रंगवायची म्हटली तरी मला जमणार नाही.

१८ नोव्हेंबर २०२५, मंगळवार दुपार. काशीतला गंगाकाठचा एक राजवाडा. नाव मुद्दाम देत नाही.

मालविका ब्रह्मा घाटावर राहते. तिचे सासरे गोपीनाथशास्त्री वेदपाठी. दीनानाथशास्त्री त्यांचे जोडीदार. एक ऋचा यांनी म्हणायची, पुढची त्यांनी. पन्नास वर्षं असंच.

दीनानाथ वारले आणि मामंजींनी म्हणणंच सोडलं. सगळं विसरले तर? घरात हीच धास्ती.

म्हणून मालविका त्यांना राजवाड्यात घेऊन गेली. तरुणपणी दोघांनी तिथल्या दरबारात पठण केलं होतं.

"इथेच बसलो होतो गं," मामंजी हसले. "दीना राजासमोर जांभया देत होता."

"मग म्हणा ना आज. जांभया मी देते."

ते खाली बसले. डोळे मिटून एक ऋचा म्हटली.

थांबले...

दुसरीपुरते गप्प राहिले. मग तिसरी म्हटली.

मालविका सुखावली. आठवतंय की सगळं!

मग तिच्या लक्षात आलं... झरोक्यातली कबुतरं घुमायची थांबली होती.

एका ठिकाणी मामंजी चुकले. "हो, हो," म्हणत त्यांनी मान हलवली आणि सुधारून म्हटलं.

चूक दाखवली कोणी?

समोरच्या रिकाम्या गालिच्यावरून... श्वास घेतल्याचा आवाज आला. लांब ऋचेआधी घेतात, तसा.

"बाबूजी, चलिए, बंद करने का टाइम हो गया!" रखवालदार दारातून ओरडला.

मालविकाने त्यांचा दंड धरला. "उठा, मामंजी!"

"अगं, अध्याय अर्धाच झालाय! दीना..."

तिने त्यांना ओढतच बाहेर आणलं.

नावेत बसेपर्यंत त्यांचा आवाज गेला होता.

डॉक्टरांना काही सापडलं नाही. दुसऱ्या दुपारी मामंजींनी आसनं मांडली.

दोन. समोरासमोर.

तासभर ओठ मिटून बसले. उठल्यावर कागदावर लिहिलं, "बारा राहिल्या."

पुढच्या दुपारी... "अकरा."

"संपल्यावर काय, मामंजी?" तिने विचारलं.

त्यांनी पेन खाली ठेवलं.

"म्हातारपण आहे, दुसरं काही नाही," तिचा नवरा सुमंत म्हणतो. पण दुपारी तोही घरात थांबत नाही.

काल कागदावर "एक" होतं.

आत्ता साडेअकरा वाजलेत. मालविकाचा फोन आला होता. मामंजींनी आज आसनं लवकर मांडलीत...

ती शेवटची ऋचा कोणाच्या वाट्याची? मामंजींच्या, की दीनानाथांच्या?

तिला हे विचारायचं मला धाडस होत नाही.