कापून टाकलेले महिने

त्या फिजिओथेरपी क्लिनिकमध्ये माणसांना नावं नसत, अवयव असत. रिसेप्शनवरच्या मावशी बिनदिक्कत हाक मारायच्या, "गुडघा, आत या. कंबर, तुम्ही बसा अजून." त्या गुरुवारी मावशींनी "डावा खांदा" असा पुकारा केला आणि तो आत आला. उंच, जरासा वाकलेला, डोळ्यांत अपुरी झोप आणि तरीही हसू.

आत उपचार करणाऱ्या फिजिओथेरपिस्टचं, तिचं, डोकं मात्र सकाळपासून फिरलेलं होतं.

"हात वर करा. जाईल तितका."

हात छातीपर्यंत आला आणि अडला. तिने कोपर धरलं.

"काल ती पोलिसांची मालिका पाहिलीत? नायकाला खांद्यात गोळी लागते. पुढच्याच प्रसंगात तो त्याच हाताने नायिकेला उचलून जिना चढतो. मला त्या लेखकाचा खांदा पाच मिनिटं हवाय."

"आई गं... मॅडम, तो लेखक मी नाही हो."

"मग ओरडू नका."

पुढच्या गुरुवारी एका प्रेमपटाची पाळी आली. नायक तीन तास नायिकेच्या मागे फिरतो, ती नाही म्हणते, तो तिच्या दारात ठाण मांडतो आणि शेवटी ती विरघळते. "मी असते तर पोलिसांना फोन केला असता," ती म्हणाली. त्याच्या पुढच्या गुरुवारी, वर्षभर कोमात असलेली एक बाई लिपस्टिकसकट जागी झाली होती.

"एवढा संताप येतो, तर पाहता कशाला?"

"घरी आई लावते. आणि पाहिलं नाही तर चिडू कशावर?"

"माझ्यावर चिडा की. मी दर गुरुवारी मोकळाच असतो."

ती हसली नाही. फक्त त्याचा हात नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ धरून ठेवला... आणि तो का, हे दोघांनीही एकमेकांना विचारलं नाही. काम काय करता म्हटल्यावर तो म्हणायचा, "कॉम्प्युटरसमोर बसतो," आणि लगेच विषय बदलायचा. तिला तेव्हाच शंका यायला हवी होती.

तिच्या रागाचं मूळ घरात होतं. बाबांना पक्षाघाताचा झटका येऊन गेला होता, उजवी बाजू गेली होती. ती रोज संध्याकाळी त्यांना पलंगाच्या कडेला बसवायची, वॉकर धरून उभं करायची. टाच आधी, मग पंजा. महिनोन्महिने तेच. आणि आईच्या लाडक्या मालिकेतले वडील, त्यांनाही झटका आलेला, एका भागात लेकीने गाणं म्हटलं आणि ते खुर्चीतून उठून चालायलाच लागले.

आईने डोळे पुसले. दुसऱ्या दिवशी दुपारी ती कामावर असताना आईने मोबाईलवर तेच गाणं लावलं, वॉकर भिंतीला ठेवला आणि नवऱ्याला म्हणाली, "उठा. मनात आणलंत तर जमेल."

बाबा पडले. हाड मोडलं नाही, कपाळावर टेंगूळ आलं. पण त्या दिवसापासून त्यांनी उभं राहायचं नाव सोडलं. वॉकर पाहिला की मान भिंतीकडे. डॉक्टरांनी बजावलं होतं, आता पडून राहिले तर पायातलं आलेलं बळही जाईल.

गुरुवारी तिने हे सगळं डाव्या खांद्याला सांगितलं. "कुठल्या मूर्खाने बनवला असेल तो भाग? समोर आला ना, तर..."

"समोरच आहे," तो म्हणाला.

तिचे हात थांबले.

"मी एडिटिंग करतो. त्या वडिलांचे आणखी चार प्रसंग शूट झाले होते. पडतात, रडतात, शिव्या देतात. छान काम केलं होतं त्या नटाने. पण भाग लांबत होता... लोक कंटाळतील असं वाटलं मला. मी सगळे कापले आणि थेट गाणं जोडलं."

"तू कापलंस?" ती पहिल्यांदाच त्याला एकेरीत बोलली. "माझे बाबा भिंतीकडे तोंड करून पडलेत. आणि इतके गुरुवार तू माझ्याकडून खांदा चोळून घेत होतास, हसत होतास? ऊठ. बाकीचे व्यायाम घरी कर."

तो गेला. पुढच्या गुरुवारी मावशींनी डाव्या खांद्याला हाक मारली नाही आणि तिला आणखीनच राग आला. त्याचा आला, आणि दाराकडे बघणाऱ्या स्वतःच्या डोळ्यांचाही आला.

रविवारी सकाळी तो थेट घरी हजर. मावशींनी पत्ता दिला होता. त्यांची हजेरी उद्या घ्यायची, असं तिने ठरवून टाकलं.

"माफी माझी नको. आत आहेत, त्यांची माग," ती दारातच म्हणाली.

त्याने बाबांना सगळं सरळ सांगितलं. बाबांनी मान वळवली. मग त्याने लॅपटॉप उघडला आणि ते कापलेले प्रसंग लावले. पडद्यावरचा म्हातारा धडपडला, पडला, वॉकर लाथेने ढकलला. बाबांची मान हळूहळू परत फिरली. आईने पदर तोंडाला लावला.

"हे... का... काढलं?" बाबांचा आवाज जड होता, पण त्यात चीड होती. स्वच्छ, ओळखीची चीड.

"चुकलो, काका."

बाबांनी पडद्यावरच्या म्हाताऱ्याकडे बोट केलं. "आणि हा... चुकतोय. टाच... आधी."

बापही माझ्यासारखाच पडद्यावर चिडणारा निघाला, तिच्या मनात आलं, आणि तिला रडू फुटलं. बाबा डाव्या हाताने पलंगाची कड पकडून स्वतःच उठून बसायला लागले. फार वेळ लागला. तिने बाबांकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. एवढ्या सगळ्या वेळात त्याने एकदाही नजर वळवली नव्हती.

"हे रोज असंच चालतं," ती म्हणाली. "कंटाळशील."

"कंटाळेन. पण येईन."

"माझा राग अजून गेलेला नाही."

"माहीत आहे."

"आणि प्रेमही आहे. तेही जात नाही... प्रयत्न करून पाहिला."

तो काही बोलणार, एवढ्यात बाबा खेकसले, "ते... नंतर. आधी... धरा मला."

ती उजवीकडे गेली, दुखऱ्या खांद्याचा विचार करून त्याला तिने डावीकडे उभं केलं. टाच टेकली, मग पंजा. बाबा उठले, थरथरले आणि धाप लागून पुन्हा पलंगावर बसले. आई हात पुढे करून नुसती उभी होती. बाबांनी श्वास घेतला, दोघांचे हात घट्ट पकडले.

"पुन्हा," ते म्हणाले.