तेरावा प्रश्न

पोत्याला अडखळून ती पडली नाही, एवढंच. हातातल्या कागदांचा मात्र जिन्याच्या तोंडाशी सडा झाला आणि चष्मा नाकावरून घसरून हनुवटीवर आला.

"हे पोतं इथं कुणी ठेवलं?"

"मी." पायरीवर बसलेला एक उंच माणूस घाईने उठला. त्याच्या रेनकोटवरून पाणी निथळत होतं. पोतं मात्र प्लास्टिकच्या कागदात नीट गुंडाळलेलं, कोरडं ठणठणीत. "लागलं का?"

"पोत्याला विचारा."

"विचारलं. ते म्हणतंय, बाई आधीपासूनच रागात आहेत."

पोत्याचं म्हणणं खरं होतं. तिच्या खोलीत भिंतीवर नऊ घड्याळं होती, नऊ देशांच्या वेळा दाखवणारी. त्यावरून ऑफिसात तिला घड्याळबाई म्हणत. या नऊ देशांनी मिळून हवामानबदलाच्या अभ्यासाचा एक प्रकल्प चालवला होता. सगळ्यांचे आकडे गोळा करायचे, एका साच्यात बसवायचे आणि रुसलेल्यांना पुन्हा बैठकीला आणायचं, हे तिचं काम. आज सोमवारी सकाळीच बैठकीच्या वेळेवरून तीन देश रुसले होते.

तो कागद गोळा करायला वाकला. एक कागद हातात आला आणि तो थांबला. वर पाहिलं तेव्हा डोळ्यांतली थट्टा गेली होती.

"ही यादी... यात सव्विसावं नाव आमच्या पर्जन्यमापन केंद्राचं आहे. मी तिथली उपकरणं सांभाळतो. नावापुढे 'अविश्वसनीय' लिहिलंय. आणि खाली ही कोंबडीच्या पायासारखी सही कुणाची?"

"माझी."

"बरं झालं," तो म्हणाला. "आता मीही रागात आहे."

यादीत लाल खूण झालेली त्रेचाळीस केंद्रं होती. तिचा संगणक प्रत्येक केंद्राचा रोजचा पाऊस शेजारच्या केंद्रांशी ताडून बघायचा आणि फार फरक दिसला की लाल खूण करायची. गुरुवारी नऊ देशांच्या बैठकीत यादी मंजूर झाली की ही सगळी केंद्रं बाद. आणि बाद झालेलं केंद्र पुढे कुणी चालू ठेवत नाही, हे तिलाही माहीत होतं आणि त्यालाही.

"एकतीस वर्षं माझी आत्या रोज सकाळी आठला पाऊस मोजतेय," तो तिच्या मागोमाग खोलीत येत म्हणाला. "पाय मोडला होता तेव्हा माझ्या खांद्यावर हात टाकून मापकापर्यंत गेली. ती अविश्वसनीय?"

"संगणकाला आत्या कळत नाही. आकडे कळतात."

"आकडेच आणलेत. पोतंभर."

तिने त्या पोत्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. याला हाकलून द्यावं असं फार वाटत होतं... "एक तास देते."

त्याने भिंतीवरची घड्याळं एकेक करून न्याहाळली. "यातल्या कुठल्या घड्याळाचा?"

त्या एका तासाचे तीन दिवस झाले. तो नोंदवहीतून आकडे वाचायचा, ती पडद्यावरच्या आकड्यांशी ताडून बघायची. गेल्या दोन वर्षांच्या वह्या आधी घेतल्या, कारण संगणकाने तेवढ्याच तपासल्या होत्या.

"शून्य... शूऽन्य... शूऽऽन्य."

"एवढं ओढून म्हणायची गरज नाही."

"उन्हाळा आहे. उन्हाळ्यातली शून्यं अशीच लांबतात."

ती पडद्याआड हसली आणि आपण लपून हसलो म्हणून लगेच स्वतःवर चिडली. त्याचं सगळंच चिडवणारं होतं. बोलता बोलता खिशातल्या चाकूने तिच्या पेन्सिलींना टोक काढणं, बाहेर सर आली की खिडकीकडे न बघता "तासाला सहा मिलिमीटर" म्हणणं. दुसऱ्या दिवशी तिच्याने राहवलं नाही. छत्री घेऊन ती गच्चीवरच्या मापकाशी तासभर खेटे घालत राहिली.

"साडेपाच," ती विजयाने म्हणाली. केसांतून पाणी गळत होतं. "अर्धा चुकला."

"तुमचं मापक कललेलं आहे."

"काहीच्या काही."

त्याने गळ्यातला पंचा तिच्यापुढे धरला. तिने तो घेतला नाही... मग घेतला. दुपारी कुणाचं लक्ष नाही असं बघून पाण्याची पातळी बघतात ती नळी गच्चीवर नेली. मापक कललेलं होतं. हे तिने त्याला सांगितलं नाही. तो मात्र संध्याकाळपर्यंत शीळ घालत होता.

आत्याच्या वह्यांत शेवटी 'शेरा' असा एक रकाना होता. तो वाचायची गरज नव्हती, तरी ती वाचायची. एका पानावर बारीक अक्षरात होतं: 'सकाळी दव. मापकात दोन थेंब. पावसाचे नव्हेत, म्हणून मोजले नाहीत.' तिने ती ओळ दोनदा वाचली. जी बाई दोन थेंबांचंही खोटं लिहीत नाही, तिच्या नावापुढे आपण न बघता सही ठोकली होती.

बुधवारी दुपारी ते सापडलं.

"तेरा तारीख," तो वाचत होता. "चौसष्ट पूर्णांक दोन."

"शक्य नाही. शेजारच्या एकाही केंद्रावर तेराला थेंब नाही. पाऊस आहे तो बाराला, साठ... अडुसष्ट... एक मिनिट. शेरा काय आहे?"

"'पाऊस काल रात्री नऊ ते बारा. आज सकाळी आठला मोजला.'"

तिचा हात थांबला. मागचा मोठा पाऊस पाहिला, त्याच्या मागचा पाहिला. प्रत्येक वेळी आकडा बरोबर, आणि शेजाऱ्यांपेक्षा बरोबर एक दिवस उशिरा.

तिने केंद्रांकडून भरून घेतलेला फॉर्म उघडला. फॉर्म तिनेच बनवला होता. तेरावा प्रश्न: आज सकाळी मोजलेला पाऊस तुम्ही कोणत्या तारखेला लिहिता, आजच्या की कालच्या? या केंद्राने उत्तर रिकामं सोडलं होतं.

"आत्याला फोन लावा."

त्याने लावला. आत्याचा आवाज फोनबाहेर खोलीभर ऐकू आला. "अरे, मोजला त्या दिवशीच लिहायचा ना? यात विचारायचं काय? मला वाटलं, शिकलेली माणसं थट्टा करताहेत. सोडून दिलं."

ती हसली नाही. उत्तर रिकामं असेल तर संगणक 'कालच्या' असं धरून चालायचा, म्हणून आत्याची तेराची नोंद बाराला सरकलीच नाही. फॉर्म अडकू नयेत म्हणून ही सोय तिनेच करून ठेवली होती, एका कंटाळवाण्या दुपारी, चहा थंड व्हायच्या आत. तिने यादीतली बाकीची केंद्रं तपासली. त्रेचाळीसच्या त्रेचाळीस ठिकाणी तेरावा प्रश्न रिकामा होता.

विभागप्रमुखांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. तेच तिला सहन होत नव्हतं.

"यादी जाऊ दे. पुढच्या वर्षी दुरुस्त करू. परदेशातल्या मुख्य कार्यालयात तुझं नाव गेलंय, ते या अहवालावर ठरणार. आता स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेऊ नकोस."

"पुढच्या वर्षी ही केंद्रं उरणार नाहीत, सर."

"त्रेचाळीसच तर आहेत. हवं तर त्या पोतंवाल्याचं केंद्र काढ यादीतून. गुपचूप."

ती बाहेर आली तेव्हा कानशिलं तापली होती. तो जिन्याच्या त्याच पायरीवर बसला होता. तिने सगळं सांगितलं, परदेशातल्या पदासकट.

तो पायरीवरून उठला. मग म्हणाला, "आणि बाकीची बेचाळीस? त्यांना पोतं उचलणारा भाचा नाही म्हणून?" लगेच मान खाली घातली. "पण... इतकी वर्षं तुम्ही राबलात. ते पद सोडा असं मी म्हणणार नाही. तुम्ही काहीही ठरवलंत तरी मी—"

"तू गप्प बस," ती म्हणाली. "चूक माझी, पद माझं. त्यात समजूतदारपणा तुझा कशाला?"

तो चमकून बघत राहिला. आपण एकेरीवर आलो हे तिला तीन पायऱ्या चढून गेल्यावर लक्षात आलं. ती मागे वळली नाही.

गुरुवारी पडद्यावर नऊ चौकटी उघडल्या. तिने पाठ करून आणलेलं भाषण बाजूला ठेवलं. "ही यादी मी मागे घेते. केंद्रांनी चूक केलेली नाही. चूक माझ्या फॉर्ममध्ये आहे आणि ती मला दोन वर्षं दिसली नाही, कारण मी नोंदवह्या उघडल्याच नाहीत." पुढचं सगळं तिने आकड्यांत सांगितलं. विभागप्रमुख टेबलाकडे बघत होते. एका चौकटीतल्या वयस्कर शास्त्रज्ञ बाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "यात आमची अकरा केंद्रं आहेत," त्या म्हणाल्या. "मी मंजुरी देणार होते."

यादी रद्द झाली. अहवाल सहा महिने लांबला. परदेशातल्या पदावर दुसऱ्याची नेमणूक झाली आणि तिच्या वाट्याला त्रेचाळीस केंद्रांना पुन्हा तेरावा प्रश्न विचारायचं काम आलं.

यादी रद्द झाली हे पहिल्यांदा त्यालाच सांगायचं म्हणून बैठक संपताच ती खोलीकडे जवळजवळ धावत गेली. पोतं नव्हतं. तो नव्हता. टेबलावर टोक काढलेल्या सहा पेन्सिली ओळीत ठेवलेल्या. चिठ्ठी नाही, काही नाही. तिने पेन्सिलींखाली बघितलं, ड्रॉवरमध्ये बघितलं आणि मग इतकी चिडली, इतकी... की त्यातली एकही पेन्सिल महिनाभर वापरली नाही.

महिनाभर फोनही आला नाही. केंद्राचा नंबर तिच्याकडे होता. पण आपण का करायचा?

मग तिने केंद्रांना भेटी द्यायचा कार्यक्रम आखला. यादीत सव्विसावं असलेलं केंद्र पहिलं कसं आलं, हे कुणी विचारलं असतं तर तिच्याकडे उत्तर तयार होतं. कुणी विचारलं नाही.

केंद्र टेकडीवर होतं. ती चढून गेली तेव्हा आठला पाच कमी होते. कुंपणाच्या आत मापकाशेजारी तो उभा होता, हातात मोजपात्र घेऊन. पायरीवर बसलेल्या आत्यांनी तिला नखशिखान्त न्याहाळलं. "हीच का रे ती प्रश्नवाली?"

"हीच," तो म्हणाला.

"मी कामासाठी आलेय," ती सरळ त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. "न सांगता निघून गेलास."

"तुम्ही परदेशी जाणार होतात. मला वाटलं, आपण मध्ये..."

"वाटलं. विचारलं नाहीस. रिकामं सोडलंस. तुमच्या घराण्यातच आहे ते."

आत्या पायरीवर खुदकन हसल्या.

"पद गेलं म्हणे तुमचं. माझ्यामुळे."

"माझ्या फॉर्ममुळे. सगळ्याचं श्रेय स्वतः घेऊ नकोस." तिने फॉर्म बाहेर काढला. "आता नीट उत्तर दे. रिकामं सोडायचं नाही."

तो कागदाकडे बघतच नव्हता. "त्या सोमवारीच झालं ते," तो हळूच म्हणाला. "तुम्ही... तू म्हणालीस ना, पोत्याला विचारा. तेव्हाच."

"आणि सांगायला महिना लागला?"

"झालं ते सोमवारी. पण किती झालं, ते तू नसताना मोजलं. मग कळेना, कोणत्या तारखेला लिहायचं."

टेकडीवरचा वारा कागद फडफडवत होता. तिने खिशातून टोक काढलेली एक पेन्सिल काढली, महिनाभरात पहिल्यांदाच, आणि त्याच्यापुढे धरली.

"आजची घाल," ती म्हणाली. "माझीपण आजचीच आहे."

पेन्सिल घेताना त्याने तिची बोटं सोडली नाहीत. तिनेही सोडवून घेतली नाहीत. आठ वाजून गेले होते.

"अरे, वाचन," आत्या म्हणाल्या, आणि कुणी हलत नाही असं बघून गुडघ्यावर हात टेकून स्वतःच उठल्या. मापक तपासलं, वही उघडली. त्या दिवशीच्या पानावर आजही त्यांच्या बारीक अक्षरातला शेरा आहे:

'पाऊस नाही. आकाश स्वच्छ. मापकाला खेटून दोन माणसं भांडत होती. वाचनात अडचण नको म्हणून बाजूला केली. भांडण पुढे चालू.'