मोडीतला फौजी डबा

मी हातोडा उचलला, तेवढ्यात दारात लुना मोपेड आडवी पडली आणि एक उंच माणूस ओरडत आत आला, "थांबा! मोडू नका!"

मी थांबले. पुढ्यात कुणाचीतरी गळकी घागर होती. "ही तुमची?"

"न्हाई..." तो धापा टाकत म्हणाला. "आमचा जेवणाचा डबा. जर्मनचा, अल्युमिनियमचा. सकाळी आई देऊन गेली न् स्टीलचं पातेलं घेऊन आली."

चौसाळ्यात हमरस्त्यावर आमचं भांड्यांचं दुकान. शेजारी नवा एसटीडी बूथ, समोर कोल्ड्रिंकची रंगीत पाटी. जुनं द्यायचं आणि स्टील न्यायचं, अशी सगळ्यांनाच घाई झालेली. मोडीत आलेल्या भांड्यावर आधी हातोडा, मग तराजू, हा अप्पांचा, माझ्या वडलांचा शिरस्ता. फौजी वस्तूंवर मात्र माझा हात उठत नसे. गावोगावच्या फौजींच्या घरून पाण्याची बाटली यायची, पट्ट्याचं बक्कल यायचं, कोटाची पितळी बटणं यायची. मी ती हळूच मागच्या फळीवर मांडायची. अप्पा म्हणत, "पोरीनं दुकानात पलटण भरवलीय."

त्या उंच माणसानं फळीकडं पाहिलं. मग तिथं ठेवलेल्या डब्याकडं. मग माझ्याकडं — आणि तिथं जरा जास्तच वेळ.

"हाच! आमच्या नानांचा, वडलांचा हाय. फौजेत हवालदार होते. द्या."

"न्हाई."

"कावून?"

"मोडीत आलेलं परत देत नसतात. धंद्याची बरकत जाती."

हे अप्पांचं कारण झालं. माझं वेगळं होतं. त्या डब्याच्या झाकणावर खिळ्यानं बैलजोडी कोरलेली होती. शिंगांना गोंडे, एकाचा कान जरासा पडलेला. सीमेवर बर्फात बसून कुणीतरी घरचे बैल आठवून आठवून काढलेले. एवढ्या वर्षांत माझ्या हाती असं काही लागलं नव्हतं. सकाळी आलेलं दुपारी देऊन टाकते होय!

"मग बदली घ्या," तो म्हणाला. "फौजीला फौजी."

नाव संगमेश्वर. बीडला पाण्याच्या जळालेल्या मोटारींची वाइंडिंग भरायचं त्याचं दुकान. दर बाजारच्या दिवशी तो यायला लागला. आधी एक शिट्टी आणली.

"वाजती का?"

"वाजवून बघा की."

मी वाजवली. रस्त्यावरचा टेम्पो थांबला.

"चांगली हाय," मी म्हटलं, "पण बैलांची सर न्हाई." शिट्टी मात्र ठेवून घेतली.

मग पार कडा गावाला जाऊन आसाराम फौजींची सुईदोऱ्याची खाकी पिशवी घेऊन आला. "फौजीला बटण स्वतःच लावावं लागतं," मोठ्या ऐटीत सांगितलं.

"तुमाला येतं?"

"...न्हाई."

"दिसतंच हाय."

त्यानं मान खाली घालून स्वतःचा शर्ट पाहिला आणि पिशवी छातीशी धरली. तुटलेलं बटण झाकायला!

अप्पांनी एकदा विचारलं, "हे गिऱ्हाईक नेतं काय गं?"

"काही न्हाई."

"मग येतं कावून?"

मी ताटं पुसायला गेले. पुसलेलीच.

भाद्रपदात, ऊन मी म्हणत असताना, तो रिकाम्या हातानं आला. बसला नाही.

"कड्यापासून धर्मापुरीपर्यंत सगळा जिल्हा हिंडलो. आता कुणाकडं मागायचं राहिलं न्हाई. नाना रोज त्या डब्यातच जेवायचे, आता ताटावरून अर्ध्यातून उठतात. आई रडती, मीच दिला म्हणती. आज शेवटचं मागतो... न्हाई म्हणालात तर परत येणार न्हाई."

आता आली का पंचाईत! डबा द्यावा तर म्हातारं माणूस पोटभर जेवेल, पण हा परत कशाला येईल? न द्यावा तरी हा चाललाच. दोन्हीकडून जाणार तो माझ्याच दारातून.

जाऊ द्यायचा नाही. एवढं एक मनाशी पक्कं झालं.

मी डबा काढला, ओढणीनं पुसला आणि गल्ल्यावर बसलेल्या अप्पांपुढं ठेवला. "हा देते."

"मोडीतलं परत जात न्हाई, ईश्वरी."

"कधीच न्हाई?"

"लेकीच्या आंदणात जाईल तेवढंच," अप्पा सहज बोलून गेले.

"मग माझ्या आंदणात घाला."

अप्पांनी चष्मा वर केला. "आंदण? अन् स्थळ कुठंय?"

"पुढं उभं हाय."

संगमेश्वरच्या हातातली किल्ली खाली पडली.

"मी... नानांना इचारून..."

"नानांना कशाला? मी तुमालाच इचारतेय."

त्यानं किल्ली उचलायला जरा वेळच लावला. उभा राहिला तेव्हा हसत होता. "डबा पहिल्याच दिवशी दिला असता ना," हळूच म्हणाला, "तर मी काहीतरी इथं इसरून गेलो असतो... मुद्दाम."

अप्पा त्याला निरखत राहिले. "विश्वेश्वर हवालदाराचा तू?"

"व्हय."

"माणूस सरळ हाय." अप्पांनी डबा उचलून त्याच्या हातात दिला. "हा आज ने. त्यांना जेवू दे पोटभर. पोरगी दिवाळी झाल्यावर."

"दिवाळी लई लांब हाय, अप्पा," मी म्हटलं.