मेदकुलूप

प्रयोगशाळेच्या पडद्यावर आईचं हृदय धडधडताना दिसत होतं आणि डॉ. वैजयंती पोंक्षे ते एकटक बघत होती. 'मेदकुलूप' हे तिने शोधलेलं इंजेक्शन माणसाला प्रथमच दिलं होतं. तेही सख्ख्या आईला!

"हृदय मुख्यतः चरबी जाळतं," ती तिचे मार्गदर्शक डॉ. सबनीस यांना म्हणाली. सर हे जाणून होते. ती स्वतःलाच धीर देत होती. "चरबीला प्राणवायू जास्त लागतो. आईच्या अरुंद रक्तवाहिन्यांतून तेवढा पोचत नाही, म्हणून छातीत कळ येते. आता चरबी कायमची बंद. साखर जाळायची, कमी प्राणवायूत तेवढंच काम."

"साखर कमी पडली तर?"

"हृदय थांबेल. म्हणून तर हा मनगटपट्टा. ठोका जरा चुकला की बोंब मारेल."

"आणि त्यांचे उपवास?"

"सर, आपले उपवास! साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस, वर रताळी. सगळी साखरच की! खुशाल करू दे."

दोघंही हसले. इतकी शिकलेली माणसं, पण उपवास म्हटल्यावर त्यांना खिचडीच आठवली.

कळ थांबली. आई जिने चढू लागली. मग एका संध्याकाळी शेजारच्या इंदूमावशींचा घाबराघुबरा फोन आला. वैजयंती धावत घरी पोचली. आई देवघरापुढे भिंतीला टेकून बसली होती.

"परवापासून पाण्याचा थेंब नाही गं," मावशी रडत होत्या. "तुझ्या प्रयोगाला यश आलं तर निर्जळी उपास करीन, असं देवीला बोलली होती. तुला सांगायचं नाही म्हणाली."

वैजयंतीने आईचा मनगटपट्टा पाहिला. नाडी उत्तम, ठोके एकसारखे! देवा, वाचली. तिने आईला चमच्याचमच्याने साखरपाणी पाजलं, बराच वेळ तिच्याजवळ बसून राहिली आणि मग सरांना फोन लावला.

"सर, एकही ठोका चुकला नाही!"

सबनीस हळूच म्हणाले, "वैजयंती, उपाशी माणसाचं हृदय चरबीवर भागवतं, म्हणून उरलेली साखर मेंदूला मिळते. हे हृदय चरबीला शिवत नाही. मग दोन दिवस त्याने कुणाच्या तोंडचं खाल्लं?"

भरल्या डोळ्यांनी तिने वळून पाहिलं. आई तिच्याकडे अगदी अदबीने बघत होती.

"रडू नका हो बाई," आई म्हणाली. "माझी लेक डॉक्टर आहे. तिला बोलवा, ती मला बरं करील."