उतारावर दोघं

वळणाच्या पलीकडून आधी भांडण ऐकू आलं, मग माणसं दिसली.

सोलेनने ब्रेक दाबला. जाड टायरखाली खडी करकरली. मिलवाशच्या पठारावरच्या त्या वाटेवर सकाळपासून तिला एक कोल्हा सोडला तर कुणी भेटलं नव्हतं, आणि आता हे! दोन सीटची एक लांबलचक सायकल गवतात आडवी पडलेली. झऱ्याच्या दगडी कुंडीवर एक बाई बूट काढून, घोटा धरून बसलेली. आणि तिच्यासमोर एक उंच तरुण तिला झापत उभा.

“पाणी भरायला गेली होतीस की नाचायला?”

“शेवाळ होतं, मालो! तुला दिसलं असतं तर...” बाई एकदम थांबली.

“मला दिसलं असतं, तर आपल्याला दोघांची सायकल लागलीच नसती, क्लेमांस.”

आणि दोघंही खळखळून हसली. तेव्हा कुठे सोलेनच्या लक्षात आलं. त्याचे डोळे समोर होते, पण ते कशावरच टेकत नव्हते.

तो अचूक तिच्याकडे वळला. “बोंजूर. तुमची साखळी कुरकुरतेय.”

“बोंजूर. तुमच्याइतकी नाही,” ती बोलून गेली, आणि कानापर्यंत लाल झाली.

“हिला जाऊ देऊ नकोस, क्लेमांस,” तो म्हणाला. “मला ही आवडली.”

क्लेमांस त्याची थोरली बहीण. ती पुढे बसून सायकल हाकायची, तो मागे बसून पायडल मारायचा. लिमोजहून निघून, आडवाटांनी पठारभर भटकून, थेट समुद्राला जायचं होतं दोघांना. आणि आता तिचा घोटा वांग्यासारखा सुजला होता. सोलेनने हाक मारून शेजारच्या कुरणात काम करणाऱ्या बाईंना, मादाम रुशोंना, बोलावलं. गावातल्या डॉक्टरांकडे न्यायला त्या तयार होत्या, पण गाडीत कुंपणाचे खांब होते. त्यांतून कशीबशी क्लेमांस मावली, सोलेनची सायकलही मावली. पण ते दोन सीटचं धूड काही केल्या मावेना.

“मग हा पोरगा?” मादाम रुशोंनी विचारलं.

“मी नेते,” सोलेन म्हणाली.

का म्हणाली, तिलाच कळलं नाही.

“तीन गोष्टी,” मागच्या सीटवरून मालो म्हणाला. “ब्रेक लावताना सांगा. खड्डा आला की सांगा. बाकी काय दिसतं ते सांगितलंत, तर तुमची मेहेरबानी.”

सुरुवातीला सायकल दारू प्यायल्यासारखी झुलली. मग दोघांचे पाय जुळले. ओल्या मातीचा वास होता, पिवळ्याधमक काटेरी फुलांचा वास होता, आणि मागे, अगदी पाठीशी, कुणाचा तरी संथ श्वास.

“गाई आहेत,” ती म्हणाली.

“कशा?”

“तांबूस. साधारण... तुमच्या केसांसारख्या.”

“माझे केस तांबूस? एकोणिसाव्या वर्षापर्यंत मी ते रोज आरशात पाहिलेत. तपकिरी होते. कुणी परस्पर रंगवले का?”

“उन्हात तांबूस दिसतात.”

“उन्हात,” तो म्हणाला. मग त्याने विचारलं, “काम काय करता तुम्ही?”

सोलेनने ओठ चावला. “क्लेर्मोंला... चष्म्याच्या दुकानात.”

तिला वाटलं, संपलं. आणि मग सायकल गदगदू लागली. तो हसत होता, पोट धरून, पायडलवरचे पाय विसरून. “देवा! म्हणजे मी तुमचं जगातलं सगळ्यात वाईट गिऱ्हाईक!”

झाडी विरळ झाली, आणि पुढे वाट एकदम खाली कोसळली. सुटी खडी, पावसाने पाडलेले चर. सोलेनची बोटं ब्रेकवर आवळली.

“ब्रेक,” ती पुटपुटली, आणि थांबली.

“झाड पडलंय?”

“नाही. उतार आहे.” तिने एक पाय जमिनीवर टेकवला. “मला... उतरता येत नाही. आधी सांगायला हवं होतं. माझं चुकलं.”

आणि ती बोलत गेली. दोन वर्षांपूर्वी अशाच उतारावर ती पडली होती, गळ्याजवळचं हाड मोडलं होतं. ज्याच्याशी लग्न ठरलं होतं, तो पुढे होता. त्याने मागे वळून पाहिलंच नाही. खाली कॅफेत पोचल्यावर त्याचा फोन आला — कुठे राहिलीस? हाड जुळलं. ते लग्न मात्र तिने मोडलं. तेव्हापासून ती एकटीच फिरायची, आणि उतार आला की पायउतार व्हायची.

‘घाबरू नका’ असं काहीतरी तो म्हणेल, असं तिला वाटलं. तो सायकलवरून उतरला, सीटवर हात ठेवला.

“मग चालू या. मला चालता पण येतं. लोकांना पटत नाही, पण येतं.”

अर्ध्या उतारावर सर आली. खालच्या वाडीतल्या जुन्या धुण्याच्या घाटावर छप्पर होतं. दोघं धावत आत शिरली. कौलांवरून पाण्याच्या दोऱ्या गळत होत्या. त्याने पिशवीतून पाव आणि शेळीचं चीज काढलं, तिने चेरी घातलेला केक.

“आता तुम्ही माझा चेहरा चाचपून बघणार का?” तिने चेष्टेने विचारलं.

“शी! बोटांना चीज लागलंय.” तो हसला. मग आवाज उतरला. “सोलेन, एक सांगू? आज तुम्ही मला नेताय, आणि मी अजून आभार मानले नाहीत. मुद्दाम. सकाळपासून संध्याकाळपर्यंत मी ‘मेर्सी’ म्हणत असतो. दार धरणाऱ्याला, रस्ता ओलांडून देणाऱ्याला, मला जायचंच नव्हतं अशा बसमध्ये बसवून देणाऱ्यालासुद्धा. वाटतं, एखादं माणूस असावं, ज्याच्यासोबत हिशेबच नसावा.”

तिने त्याच्या बाहीवरचं पाणी हलकेच झटकलं. “मग नका मानू.”

पाऊस थांबला. घाटापासून ओढ्यापर्यंत अजून एक उतार होता, जास्तच उभा. सोलेन पुढच्या सीटवर बसली.

“चालायचं नाही?” मालोने विचारलं.

“नाही. तुम्ही मागे आहात. पुढे निघून तर जाऊ शकत नाही ना?”

“प्रयत्न केला तरी नाही.”

तिने ब्रेक सोडला. वारा कानात शिरला. खडी उडू लागली. “डावीकडे चर! उजवीकडे झुका! आता... मालो, धर! घट्ट धर!” सायकल थरथरली, घसरली, सावरली, आणि मागून एक आरोळी आली, पोरासोरांसारखी, आनंदाने फाटलेली. आपणही तसंच ओरडतोय, हे तिला खाली पोचल्यावर कळलं.

ओढ्याच्या लाकडी पुलावर दोघं धापा टाकत उभी राहिली.

“तू मला ‘धर’ म्हणालीस,” मालो म्हणाला. “म्हणजे अहो-जाहो वर उतारावरच राहिलं.”

“राहू दे.” ती हसत होती, आणि गालांवरून पाणी वाहत होतं. “मेर्सी, मालो.”

“कशाबद्दल? मी तर नुसता बसलो होतो.”

“त्याचबद्दल.”

गावातल्या छोट्या खानावळीत क्लेमांस पाय खुर्चीवर टाकून बसली होती. घोट्याला पट्टी होती. डॉक्टरांनी सांगितलं होतं, महिनाभर सायकल नाही. सूप येईपर्यंत तिने सोलेनकडे तीनदा पाहिलं, आणि शेवटी विचारलंच. “तुझी रजा किती उरलीये?”

“क्लेमांस!” मालोने चमचा आपटला. “तिला विचारायचं नाही. ती भली आहे, ती नाही म्हणू शकणार नाही. मला कुणाची सुट्टी भीक म्हणून नकोय.”

सोलेन उठून बाहेर गेली.

सकाळी मालो अंगणात एकटाच सायकलच्या पिशव्या सोडत होता. आपण घरी जातोय, असं त्याने ठरवूनच टाकलं होतं. तिची पावलं ऐकून त्याचे हात थांबले.

“काल मी वाईट बोललो.”

“हो. फार.” तिने पिशवी त्याच्या हातातून ओढली. “तू कुणालाही न विचारता ठरवलंस, मी दया करतेय म्हणून. मालो, दोन वर्षांनी मी काल उतार उतरले. रात्रभर हसत होते. मला तुझी सोबत हवीये, माझ्यासाठी. ही भीक असेल, तर मागणारी मी आहे.”

त्याने रिकामा झालेला हात सीटवर टेकवला. मग हळूच म्हणाला, “उतारावर सोबत हवी. आणि चढावर?”

“चढावर तर हवीच. पायडल कोण मारणार?”

वरच्या खिडकीतून क्लेमांस ओरडली, “अरे, निघा की आता! सोलेनची सायकल मी सांभाळते. मला झोपू द्या!”

निघाली दोघं. शारांत नदीच्या काठाकाठाने, द्राक्षमळ्यांमधून, पोपलरच्या उंच झाडांच्या रांगांखालून. रस्त्यात भांडली, दोनदा वाट चुकली, एका म्हाताऱ्याच्या अंगणात तंबू ठोकून त्याचीच अंडी खाल्ली. सोलेन दिसेल ते सांगत राहिली, आणि कधीकधी नसलेलंही. “मोर!” “खोटारडी!” एका दुपारी बोलता बोलता ती गप्प झाली, तर त्याने फक्त तिच्या पाठीवर कपाळ टेकलं. दोघांचे पाय फिरतच राहिले. एवढं सुख आपल्या वाट्याला आलं, आणि तेही कुणाच्या तरी घसरलेल्या पायामुळे, या विचाराने तिचा ऊर भरून आला.

पाइनच्या जंगलात वाट संपली. चाकं वाळूत रुतली.

ती सांगायला लागली, “मालो, समोर...”

“थांब. ऐकू येतंय.”

लाटा येत होत्या, जात होत्या. तो कितीतरी वेळ तसाच उभा होता, ओठांवर मीठ घेत. मग त्याने हात पुढे केला, आणि तिने तो पकडला.

“पुढे रस्ता नाही,” ती म्हणाली.

“माहीत आहे. म्हणजे तू आता क्लेर्मोंला.”

“आज दुपारची ट्रेन आहे.” ती घुटमळली. “पण एवढी लांब सायकल ट्रेनमध्ये घेतात की नाही...”

“विचारलंस?”

“नाही.”

“का नाही विचारलंस, सोलेन?”

“कारण... हो म्हणाले असते तर? मग ट्रेन पकडावी लागली असती.”

तो हसला नाही. त्याने तिचा हात आणखी घट्ट धरला. “माझं तुझ्यावर प्रेम आहे. हे मी आभार म्हणून म्हणत नाहीये.”

“मी म्हणतेय,” सोलेन म्हणाली. “आभार म्हणून, प्रेम म्हणून, सगळं एकदमच. मला वेगळं करता येत नाही.”

तिने टाचा उंचावल्या. सायकल वाळूत आडवी झाली, कुणी सावरली नाही.

दुपारची ट्रेन वेळेवर सुटली म्हणतात. त्या वेळी दोघं पुन्हा पाइनच्या सावलीत होती, तोंडं पूर्वेकडे, क्लेर्मोंच्या दिशेला, आणि मालो विचारत होता, “बोल, काय दिसतंय?”