सुभेदारांची चाल

सकाळी साडेसातच्या सुमारास फिरायला आलेली मंडळी अजिंक्यताऱ्यावरून उतरू लागली की दुसऱ्या वळणाच्या अलीकडे रोज एक गंमत घडायची. गप्पा मारत उतरणारे दहा-बारा ज्येष्ठ नागरिक एकदम पावलं आखडती घ्यायचे, कमरेतून डावीकडे वळायचे आणि मागे बघायचे. मागे बहुतेक वेळा कोणीच नसायचं. एखादं कुत्रं असलं तर ते बिचारं आपलं काय चुकलं म्हणून जागीच थांबायचं. मग सगळे पुन्हा पुढे बघून चालू लागायचे आणि राजकारणावरचा वाद जिथे तुटला होता तिथूनच पुन्हा सुरू व्हायचा.

नव्या माणसाला ते बघून हसू यायचं. शलाका शेडगेला मात्र त्याचं कारण ठाऊक होतं. ती सगळी माणसं तिच्या वडिलांसारखी चालत होती.

त्या प्रत्येकाच्या पँटखाली किंवा साडीखाली कमरेपासून घोट्यापर्यंत एक पातळ पट्टा होता. त्याच्या कापडात कृत्रिम स्नायूंचे धागे विणलेले होते. गुडघे कुरकुरू लागले की हे धागे आखडायचे, सैल व्हायचे आणि पाय उचलायला मदत करायचे. पण कधी आखडायचं आणि किती, हे पट्ट्याला कोणीतरी शिकवायला हवं. शलाका पुण्याच्या गतिसाह्य केंद्रात नेमकं तेच काम करायची. सुरुवातीला त्यांनी हजार माणसांच्या चालीची सरासरी काढून पट्ट्यात भरली. लोक धडपडू लागले. हजार जणांची सरासरी ही कोणाचीच चाल नसते, हे शहाण्या माणसांना जरा उशिराच कळलं. मग ठरलं की उत्तम चालणाऱ्या एकेका माणसाची अख्खी चालच घ्यायची. बोटाचा ठसा असतो तसा हा चालठसा. सपाट रस्त्यासाठी रत्नागिरीच्या एका मासळीवाल्या मावशींचा ठसा घेतला, आणि चढउतारासाठी सुभेदार हणमंत शेडगे यांचा.

सुभेदार म्हणजे शलाकाचे आबा. अठराव्या वर्षी पलटणीत गेले आणि सव्वीस वर्षांनी परत आले, ते डाव्या हाताची करंगळी बर्फात ठेवूनच. कोणी विचारलं तर म्हणायचे, "ती अजून तिकडं पहाऱ्यावर आहे. तिची बदली झाली नाही." निवृत्त झाल्यावर इतरांनी दुकानं टाकली, पहारेकऱ्याच्या नोकऱ्या धरल्या. आबांनी डोंगर धरला. कुठल्या ओढ्यात कोणत्या दगडाखाली खेकडा असतो ते त्यांना पाठ होतं. मध काढला तर निम्मं पोळं मधमाश्यांना ठेवायचे. वय विचारलं की सात वर्षांनी एकदा फुलणाऱ्या कारवीच्या हिशेबात सांगायचे, "अकरावी कारवी चालू आहे." ती अकरावी काही त्यांनी फुललेली पाहिली नाही. आठ महिन्यांपूर्वी दुपारी जेवून, बाजेवर पडल्या पडल्या, कोणालाही तसदी न देता गेले.

चार वर्षांपूर्वी चालठसा द्यायला ते पुण्याला आले होते. प्रयोगशाळेतली ट्रेडमिल बघून त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. "जागच्या जागी चालायचं? आमच्यात ही शिक्षा होती. चालायला डोंगर लागतो." शेवटी प्रयोगशाळाच डोंगरात न्यावी लागली. एक्केचाळीस दिवस आबा अंगाला संवेदक लावून पुढे चालले आणि नोंदी घेणारी पिशवी पाठीला लावून शलाका मागे. ती बापडी धापा टाकत असायची आणि आबा मध्येच वळून सांगायचे, "हा बघ कुंभा. याच्या सालीच्या आतल्या धाग्यानं ठासणीच्या बंदुकीची वात करायचे." झाडांची तिला जी काही माहिती होती ती सगळी त्या दिवसांतली.

आता त्या चालीवरच बालंट आलं होतं.

"एकशे सदतीस तक्रारी आहेत," केंद्राच्या प्रमुख डॉ. रेवती इनामदार फोनवर म्हणाल्या. "लोणंदचे एक निवृत्त मुख्याध्यापक लिहितात, मी रस्त्यात सारखा वळून बघतो आणि बायको रोज विचारते, कोण दिसली? हे हसण्यावारी नेता येईल गं. पण कराडला एक गृहस्थ जिन्यात वळले आणि त्यांचा पाय मुरगळला. ते मला हसण्यावारी नेता येत नाही."

"आबांची सवय आहे ती, मॅडम."

"ते मला कळतं. पण ठशातल्या प्रत्येक हालचालीपुढे उद्देशाचा रकाना असतो. या वळण्यापुढे तू काहीच लिहिलेलं नाहीस. सोमवारी समिती बसते आहे. रकाना रिकामा राहिला तर हालचाल काढून टाकावी लागेल. आणि ठसा देणारे हयात नाहीत, त्यामुळे काढायची असो वा ठेवायची, दोन्ही वारसांच्या सह्या लागतील. तुझी आणि आईंची."

शलाकाने फोन ठेवला आणि घरभर नजर फिरवली. आबांचे फोटो होते, पदकं होती, त्यांची काठीही दाराआड होती. पण त्यातलं काहीच हलत नव्हतं. ते वळणं तेवढं अजून जिवंत होतं, आणि ते पुसायला तिचीच सही लागणार होती. काढलं तर आबा थोडे कमी होणार. ठेवलं आणि आणखी कोणी जिन्यात पडलं, तर ते आबांनाही आवडलं नसतं.

उद्देश काय असेल, याचा तिचा अंदाज पक्का होता. तुकडी घेऊन चालणारा माणूस शेवटचा जवान येतोय ना हे बघणारच. फक्त एखाद्या साक्षीदाराने तसं सांगायला हवं होतं. म्हणून शनिवारी सकाळीच ती कोरेगावला हवालदार गुलाब मुलाणींकडे गेली. आबांच्या पलटणीतले हे मुलाणी चाचा आता पेरूची बाग सांभाळत होते. गुडघे त्यांचेही दुखत होते, पण पट्टा लावायला ते तयार नव्हते.

"हणमंताच्या चालीनं सव्वीस वर्सं पळालोय," ते म्हणाले. "आता जरा माझ्या चालीनं बसू दे."

शलाकाने विषय काढला. "चाचा, आबा चालताना मागं वळून बघायचे ना? शेवटचा जवान येतोय का, ते बघायला?"

"कुणी सांगितलं तुला?" चाचांनी पेरू कापता कापता मान वर केली. "म्होरचा मागं बघाया लागला तर म्होरं कोण बघणार? मागचं बघाया शेवटी एक जण असतोय. आमच्यात तो मीच. तुझ्या बापानं सव्वीस वर्सांत एकदा जरी मागं वळून बघितलं असतं ना, तर मी सगळ्या पलटणीला पेढे वाटले असते."

"एकदाही नाही?"

"त्याला गरजच न्हवती पोरी. कान कसले होते त्याचे. धुक्यात नुस्त्या बुटांच्या आवाजावरनं सांगायचा, 'गुलाब, तिसरा लंगडतोय, बघ जरा.' आन् तिसरा खरंच लंगडत असायचा."

शलाका पेरूची पिशवी घेऊन घरी आली, पण तिचा रकाना अजून रिकामाच होता. पलटणीत नव्हती ती सवय आली कुठून? दुपारी तिने जुन्या नोंदी उघडल्या. एक्केचाळीस दिवसांत आबा दोनशे बारा वेळा वळले होते. यंत्राने त्यातून आपल्या परीने एक नियम काढला होता, की उताराला इतकी पावलं झाली, वळण आलं, की मागे बघायचं. यंत्राच्या दृष्टीने तो चालण्याचाच भाग होता. पण तिने तारखेप्रमाणे मांडणी केली तेव्हा तिला एक विचित्र गोष्ट दिसली. मधले नऊ दिवस आबा एकदाही वळले नव्हते.

त्या नऊ दिवसांत ती तापाने झोपून होती आणि पिशवी विक्रांतच्या पाठीवर होती. विक्रांत तिचा सहकारी, सुट्टीच्या दिवशी गंमत म्हणून बेचाळीस किलोमीटर पळणारा.

वेळा जुळवण्यासाठी पिशवी स्वतःच्या हालचालीचीही नोंद ठेवायची. ती नोंद आजवर कोणी उघडून पाहिली नव्हती, कारण पिशवीच्या चालीत कोणाला रस असणार? शलाकाने ती आबांच्या नोंदीशेजारी लावली. दोनशे बाराच्या दोनशे बारा वेळा एकच प्रकार होता. पिशवी तीस पावलांहून जास्त मागे पडलेली, किंवा थांबलेली. पुढे तिची पावलं ऐकू येईनाशी झाली की आबा वळत होते, आणि मग कुंभा दाखवत होते, गेळ्याचं झाड दाखवत होते, आकाशातला गरुड दाखवत होते. तिला दम खाता यावा आणि दमलीस का असं विचारावंही लागू नये, म्हणून.

तिला रडू आलं. आणि गरुड नसताना दाखवलेले गरुड आठवून त्यातच हसूही आलं. तो पलटणीचा शिरस्ता नव्हताच. अजिंक्यताऱ्यावरचे दहा-बारा जण, लोणंदचे मुख्याध्यापक, कराडचे गृहस्थ, सगळे गेली तीन वर्षं शलाका शेडगे मागे राहिली नाही ना, हे बघत होते.

पुढचं काम सोपं होतं. चूक आबांची नव्हती, यंत्राने कारण सोडून नुसती कृती उचलली होती. शलाकाने नियम बदलला. चालणाऱ्याने बरोबरच्या माणसाचा मोबाईल पट्ट्याशी जोडायचा. तो माणूस तीस पावलं मागे पडला तरच पट्ट्याने वळवायचं, एरवी नाही. जिन्यात तर कधीच नाही. आणि ज्याला नको असेल त्याने बंद करून ठेवायचं. मग तिने उद्देशाच्या रकान्यात लिहिलं, 'मागचा दमला आहे.'

डॉ. इनामदारांनी संध्याकाळी ते वाचलं आणि फोन केला. "असा उद्देश मी पहिल्यांदाच वाचते आहे," त्या म्हणाल्या. "पण रकाना भरला आहे आणि कारणही बरोबर आहे. समितीचं मी बघते. आईंची सही तेवढी आण."

आई, म्हणजे विमलताई, अंगणात शेंगा फोडत बसली होती. सत्तरीला टेकली तरी तिच्या गुडघ्यांची तक्रार नव्हती. आठवड्याचा बाजार ती अजून चालत करायची. शलाकाने तिला सगळं सांगितलं. आबांचे कान, नऊ दिवस, पिशवी, तीस पावलं. आई शेंगा फोडत राहिली. मग म्हणाली, "शेहेचाळीस वर्षं मी त्यांच्या मागनं चालले. पहिली काही रजेतली धर. लग्नाला, जत्रेला, रानात, कुठंही. मला नाही कधी वळून बघितलं."

"तू कधी मागं पडायचीस का?"

"मी? मी कशाला मागं पडू?" आईला ते जरा लागलंच. "दोन पावलांचं अंतर. तीन कधी झालं नाही."

"मग तुझी पावलं त्यांना सारखी ऐकू येत असणार, आई."

आईच्या हातातली शेंग तशीच राहिली. हा विचार तिला बहुधा नवा होता. तिने पदराने हात पुसले. "सही करते. पण कागदावरचं मला कळत नाही. आधी चालून दाखव."

रविवारी सकाळी शलाकाने स्वतः पट्टा बांधला आणि त्यावर आबांचा ठसा लावला. इतकी वर्षं तो दुसऱ्यांना शिकवला, पण स्वतःच्या पायात तिने तो कधी घेतला नव्हता. धीरच झाला नव्हता. आईचा मोबाईल तिने पट्ट्याशी जोडला आणि दोघी अजिंक्यताऱ्यावर गेल्या. उतरताना शलाका पुढे होती. टाच आधी टेकायची, गुडघा किंचित वाकलेला, वजन मागे. तिचे पाय तिचेच होते, पण घाई त्यांच्यातून निघून गेली होती. मागे आईच्या चपलांचा आवाज येत होता, दोन पावलांवर, कमी नाही की जास्त नाही. पहिलं वळण गेलं. दुसरं गेलं. पट्टा सरळ चालत होता. कुठेही ओढ नाही.

तिसऱ्या वळणावर चपलांचा आवाज बंद झाला.

शलाका आपल्याच तंद्रीत उतरत होती. किती पावलं झाली ते तिला कळलं नाही. मग तिचं पाऊल आखडलं, वजन डाव्या पायावर आलं, कंबर हळूच फिरली, आणि ती मागे बघत होती.

वर, वाटेच्या कडेला, आई एका दगडाला टेकून उभी होती. तिला दम लागला नव्हता. कपाळावर घामाचा थेंबही नव्हता. आयुष्यात पहिल्यांदा ती मुद्दाम मागे राहिली होती, आणि चोरी पकडल्यासारखी हसत होती. डोळे मात्र भरलेले होते. ती जागची हलली नाही. तिथूनच तिने विचारलं,

"खरं सांग शलू, आत्ता वळून बघितलं ते तू, का त्यांनी?"